सातांतला चोर

पुणेकर नोकरीसाठी लीड्सला आला तेव्हा पावसाळा होता, म्हणजे यॉर्कशरमधला कुठलाही महिना. ऑफिसला सायकलने जाता जाता त्याला समजलं, की शहराबाहेरच्या एका गावी दर मंगळवारी संध्याकाळी टाइम ट्रायल असते आणि तिथे कुणीही जाऊ शकतं. दहा मैल, म्हणजे १६.१ किलोमीटर. एका मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतात. पुढच्याच्या मागे वारा चुकवत चिकटून राहायला मनाई. शर्यत शेजाऱ्याशी नाही, घड्याळाशी.

या प्रकाराचा जन्मच लपूनछपून झालेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोळक्याने सायकली पळवल्या की घोडे बुजायचे, पोलीस यायचे. म्हणून इंग्लंडातल्या सायकल संघटनेनेच रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदी घातली. १८९५ साली बिडलेक नावाच्या गृहस्थांनी तोड काढली: एकेकाला वेगवेगळं सोडायचं, म्हणजे शर्यत आहे हे कुणाच्या लक्षातच येणार नाही. पुढे कित्येक वर्षं ही मंडळी भल्या पहाटे, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून निघायची आणि रस्त्याचं नाव सांकेतिक अक्षर-आकड्यांत लिहायची. ते संकेत आजही वापरतात, लपवायचं काही उरलं नाही तरी. आपल्याकडे सोवळं टिकतं तसं.

पुणेकराने पहिल्या मंगळवारी साध्या सायकलवर, फडफडणाऱ्या टी-शर्टात २८ मिनिटं १० सेकंद घेतली. त्याच्या मागून सुटलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला परतीच्या वाटेवर गाठलं, मागे टाकलं, आणि गावच्या हॉलमध्ये चहा पिताना मराठीत विचारलं, "पुण्याचा का रं तू?"

हे काका इचलकरंजीचे. वय ७१. १९७०च्या दशकात ब्रॅडफर्डच्या गिरणीत आले ते माग दुरुस्त करणारे जॉबर म्हणून. गिरण्या बंद पडल्या, काका बस डेपोत गेले, तिथल्या गोऱ्या मित्रांनी त्यांना सायकलच्या नादी लावलं. तो नाद सुटला नाही.

"काका, तुम्ही एवढे जोरात कसे?"

"जोरात न्हाई. तू हळू हाईस," काका म्हणाले आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

पुणेकर घरी गेला आणि त्याने अभ्यास सुरू केला. अभ्यास ही पुणेकराची जुनी खोड. सपाट रस्त्यावर या वेगाला बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि त्या वाऱ्याला आडवं येतं त्यातलं साधारण तीन-चतुर्थांश आपलं अंगच असतं, सायकल उरलेलं. वेग दहा टक्के वाढवायचा तर वाऱ्याशी लढायला तेहतीस टक्के ताकद जास्त लागते. पाय काही महिनाभरात तेहतीस टक्क्यांनी वाढत नाहीत. मग वाराच कमी अडवायचा. आणि त्याला ग्रेग लेमाँड सापडला: १९८९ची टूर द फ्रान्स, शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर. लेमाँड ५० सेकंदांनी मागे. त्याने पुढे झुकून कोपरं टेकायचं नवं हँडल लावलं होतं. समोर लोराँ फिन्यों, साधं हँडल, डोक्यावर काही नाही, वाऱ्यावर उडणारी केसांची शेपटी. लेमाँडने संपूर्ण टूर आठ सेकंदांनी जिंकली.

पुणेकराला एवढं पुरे झालं. जूनच्या पगारातून आणि थोड्या क्रेडिट कार्डातून त्याने खरेदी केली. टाइम ट्रायलची सायकल, तिला कोपरं टेकायचं हँडल. मागे आरे नसलेलं, थाळीसारखं बंद चाक, ते फिरलं की ढोल घुमल्यासारखा आवाज येतो. अंगाला चिकटणारा एकसंध सूट. मागे शेपूट असलेलं लांबट हेल्मेट. चित्रातल्यासारखं दिसावं म्हणून हँडल चार सेंटिमीटर खाली घेतलं आणि सीट दीड सेंटिमीटर पुढे सरकवली. टायरमध्ये ठासून १२० पौंड हवा. आणि सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी कॅफीनचं एक चिकट जेल. ते त्याने तोपर्यंत कधी चाखलंही नव्हतं.

मंगळवारी स्टार्टवर एकाने सीट धरून त्याला उभं ठेवलं. टाइमकीपरने पाच बोटं दाखवली, मग चार, तीन. पुणेकर बाणासारखा सुटला. दुसऱ्या मैलाला गुडघे पोटाला लागायला लागले. चौथ्याला मान दुखली आणि त्याने खाली पाहिलं, तसं हेल्मेटचं शेपूट मोरपिसासारखं वर झालं. वळणाच्या चौकात पोटातलं जेल घशाशी आलं.

वेळ: २८ मिनिटं ३२ सेकंद. साध्या सायकलपेक्षा २२ सेकंद जास्त.

हॉलमध्ये तो कोपऱ्यात बसला. निकालाच्या फळ्यावर त्याचा आकडा लिहिणारी बाई एकदा फळ्याकडे, एकदा सायकलीकडे पाहत होती. काका चहा घेऊन शेजारी आले.

"विकून टाकतो सगळं," पुणेकर म्हणाला. "शेवटी पायच लागतात, काका. बेरिल बर्टनकडे काय होतं?"

बेरिल बर्टन म्हणजे त्याच भागातल्या, मॉर्लीच्या. रुबार्बच्या शेतावर राबायच्या. १९६७ साली बारा तासांच्या टाइम ट्रायलमध्ये त्यांनी २७७.२५ मैल काटले, सगळ्या पुरुषांपेक्षा जास्त. पुढे असलेल्या पुरुषाला ओलांडताना त्यांनी त्याला जाता जाता ज्येष्ठमधाची गोळी दिली. यॉर्कशरमध्ये ही गोष्ट सांगितल्याशिवाय चहा संपत नाही.

कुणालाही वाटावं, की गोष्ट इथेच संपणार: म्हातारा मान डोलावणार, पोराला साधेपणाचं मोल कळणार. काकांनी मान डोलावली नाही. ते वैतागले.

"नुसते पाय, ही बी थापच. त्यांचा बायकांमधला विक्रम ५० वर्षं टिकला आणि २०१७ला मोडला. मोडणारी काय १९६७च्या सायकलवर बसली व्हती? सामान वाईट असतं असं मी कवा म्हटलं? तू आज काय काय बदललंस ते सांग."

पुणेकराने बोटांवर मोजलं. सायकल तर नवीच; तिच्याशिवाय हँडल, सीट, चाक, सूट, हेल्मेट, हवा, जेल.

"सात. एका घरात सात जण शिरले, चोरी झाली. चोर कोण?"

पुणेकर गप्प.

"आणि सातांतला एखादा तुला द्यायला आला असंल. त्याला बी हाकलणार तू. माग बिघडला, धागा तुटायला लागला, तर शिकाऊ पोरगं काय करतं ठावं हाय? ताण बदलतं, धोटा बदलतं, पट्टा बी आवळतं. माग चालू झाला तरी कशानं झाला त्याला ठाऊक नाही, पुन्हा बिघडला की पुन्हा तेच. आमचा मुकादम म्हणायचा, एक नट फिरव, कापड बघ."

"पण लेमाँड—"

"त्याच टूरला पाचव्या टप्प्यात ७३ किलोमीटरची टाइम ट्रायल झाली. तीबी त्यानं त्याच हँडलवर जिंकली. पॅरिसच्या दिवशी ते हँडल तुझ्यासाठी नवं, त्याच्यासाठी जुनं झालेलं."

काकांनी जर्सीच्या मागच्या खिशातून रेघांची वही काढली. घामाने तिचे कोपरे फुगले होते. प्रत्येक ओळीत तारीख, वारा, उष्मा, वेळ आणि शेवटी एकच शब्द: 'मोजे', 'चेन', 'सीट ५ मिमी'. एकाच बदलासमोर तीन-तीन मंगळवार. गरम संध्याकाळी हवा पातळ होते आणि सगळ्यांच्याच वेळा सुधारतात. तेव्हा एका दिवसाच्या वेळेवर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून तीन.

पुढच्या रविवारी पहाटे पाचला, वारा पडलेला असताना, काका त्याला एका उतारावर घेऊन गेले. उताराच्या वर मैलाचा दगड, खाली लांब सपाट रस्ता. खिशात नातीच्या पेटीतले रंगीत खडू.

"दगडापाशी उभा राहा. पेडल मारायचं न्हाई. नुसता सोड, थांबशील तिथं मी रेघ मारतो."

आधी जुना टी-शर्ट: निळी रेघ. मग सूट: गुलाबी रेघ, निळीच्या कितीतरी पुढे. पुणेकर हसला. नवं हेल्मेट मान वर ठेवून: हिरवी, आणखी पुढे. तेच हेल्मेट खाली पाहून, शेपूट वर: पिवळी. ती हिरवीच्या दोन सायकली मागे पडली. १२० पौंडांऐवजी ८५ पौंड हवा भरली तर त्या खरबरीत डांबरावर सायकल आणखी पुढे गेली. फार टणक टायर खड्यांवर उड्या मारतो आणि पुढे जाण्याची ताकद वरखाली होण्यात घालवतो. महागडं बंद चाक लावलं तर रेघ आधीच्या रेघेवरच आली, वीतभर इकडेतिकडे. पुणेकराचा चेहरा उतरला. सगळ्यात जास्त पैसे त्या चाकाचे होते.

"चाक वाईट न्हाई," काका म्हणाले. "त्याचा फायदा खडूला दिसण्याएवढा मोठा न्हाई, एवढंच. त्याची पाळी शेवटी."

आणि चार सेंटिमीटर खाली घेतलेलं हँडल? लाल रेघ सगळ्यांच्या पुढे गेली. पुणेकर चक्रावला. चोर म्हणून ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त संशय, तोच सगळ्यात मोठा दाता निघाला.

"थांब. ही रेघ वाऱ्याची हाय. तुझ्या मांड्यांची अजून काढली न्हाई."

काकांच्या गॅरेजमध्ये मागचं चाक ट्रेनरला लावलेलं. पेडल काकांचे, त्यांच्यातच ताकद मोजायची सोय. साऱ्या घरात काकांनी एवढी एकच महाग वस्तू विकत घेतली होती. "आधी तराजू घ्यावा, मग सोनं," असं ते त्याबद्दल म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. पुणेकराने नाडी १६५वर धरून दहा-दहा मिनिटं चालवली. हँडल मूळ उंचीवर: २१० वॅट. दोन सेंटिमीटर खाली: २०५. चार सेंटिमीटर खाली: १८५. मांडी पोटावर आदळत होती, श्वास अर्धाच येत होता. वाऱ्याकडून मिळत होतं ते सगळं पाय परत देत होते, वर थोडं व्याजही.

हँडल दोन सेंटिमीटर वर गेलं. जेल कचऱ्यात गेलं. सीट मात्र पुढे सरकवलेली तशीच राहिली. त्या एका बाबतीत पुणेकराचा अंदाज बरोबर होता, आणि काकांनी ते मोकळेपणाने कबूल केलं. मग आठवड्यातून तीन संध्याकाळी तो त्या बैठकीत ट्रेनरवर नुसता बसायचा. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तीस. मान वर. भिंतीवर लावलेली पाटी: 'समोर बघ.' इंग्लंडात टाइम ट्रायलचे रस्ते मोटारींसाठी उघडेच असतात, तेव्हा ती पाटी वेगापुरतीच होती असंही नाही.

जुलैत २७:४०. ऑगस्टमध्ये पहिला मैल मुद्दाम आवरून, दम राखून चालवला: २७:१२. चाक अजून कपाटात, कापडात गुंडाळलेलं. त्याची पाळी आली नव्हती, आणि पुणेकराला त्याची घाईही नव्हती. ऑफिसात मात्र तो आता कुणी एकदम पाच गोष्टी बदलून 'चाललं' म्हणालं की कसंनुसं तोंड करायचा.

सप्टेंबरात अंधार लवकर पडायला लागला. मोसमाचा शेवटचा मंगळवार. मागचा लाल दिवा लागलाय ना हे बघून एकाने सीट धरली. टाइमकीपरची बोटं: पाच, चार, तीन. परतीच्या वाटेवर वारा समोरून, डाव्या खांद्यावर. हॉलमध्ये काकांनी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि त्याच्या नव्या कोऱ्या वहीत डोकावून पाहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं:

'१२ अंश. वारा ईशान्य. २७:१९. बदल: काही नाही.'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मग केकच्या ताटलीतला शेवटचा तुकडा पुणेकराकडे सरकवला. आजवर तो तुकडा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता.