सुतक फिटल्यावर

सुतकाच्या घरात आलेल्याला कुणी 'या, बसा' म्हणत नाही. चहा विचारत नाही. निघणाराही 'येतो' म्हणत नाही. गुपचूप उठतो, चपला घालतो आणि चालू लागतो. शेजारून आलेला डबा एरवी कधी रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर तरी त्यात जाते. या दिवसांत मात्र पिठलं-भाताचा डबा नुसता विसळून रिकामाच परत दिला जातो. ज्याचं माणूस गेलं त्याला निदान तेरा दिवस तरी शिष्टाचार पाळण्यातून आपल्या समाजाने मोकळं केलं आहे. या रीतीत मला मोठी समज दिसते.

अडचण नंतर सुरू होते. तेराव्याला गोडाचं जेवण होतं, सुतक फिटतं, पाहुणे एसटी गाठतात. मग मृत्यूचा दाखला, बँकेतले फॉर्म, सातबाऱ्यावरची वारस नोंद. त्या तेरा दिवसांत ओठांशी अडलेलं 'तुम्ही होतात म्हणून निभावलं' हे वाक्य बोलायचं राहतं ते राहूनच जातं. काही कुटुंबं वर्तमानपत्रात चौकट देतात. समक्ष भेटून, फोनवरून सांत्वन करणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे आम्ही ऋणी आहोत, असा मजकूर, आणि खाली घरातल्या लहानथोरांची नावं. हल्ली तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्यात खोटं काही नसतं. पण त्या चौकटीत आभार मानणाऱ्यांची सगळी नावं असतात. ज्यांचे मानायचे, त्यांचं एकही नसतं.

माझी आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत एकटी राहायची. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली ती ऐन पावसाळ्यात. आमच्या घरापासून गाडीरस्त्यापर्यंत नुसती पाखाडी आहे, शेवाळलेल्या पायऱ्यांची. खुर्चीला बांबू बांधून, वाटेत खांदे बदलत, वाडीतल्या पुरुषांनी तिला खाली उतरवलं. इस्पितळातून ती घरी आली आणि मग पुढचे महिने खऱ्या अर्थाने वाडीनेच काढले. भाऊ आणि मी मुंबईहून आळीपाळीने जात होतो, पण आळीपाळीने जाणाऱ्या मुलांच्या मधले जे दिवस असतात ते कुणीतरी भरून काढावे लागतात. आंघोळ घालायला कुणी, रात्री सोबतीला झोपायला कुणी, गाईचं दूध काढायला कुणी. आई गेली त्या रात्री आम्ही गाडीत होतो. मुंबईकर पोचेपर्यंत वाडी तिच्याजवळ बसून होती. बाहेर आंब्याचं झाड तोडून लाकडं रचून ठेवली होती आणि ती भिजू नयेत म्हणून कुणीतरी आपल्या गोठ्यावरची ताडपत्री काढून त्यांच्यावर घातली होती.

तेरावं झाल्यावर मी घरोघरी गेले. शेजारच्या काकींकडे आधी गेले. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "आभार कसले मानतेस गो? परकी समजतेस काय आम्हांला?" हे उत्तर प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेलं आहे. आपल्याकडे शब्दाने आभार मानले की नात्यात अंतर पडल्यासारखं वाटतं, म्हणून देणारा ते घेत नाही आणि घेणाराही मग मानायचं सोडून देतो. मी तशीच बसून राहिले. मग मी त्यांना सांगितलं, की पाऊस कोसळत होता त्या रात्री तुम्ही बॅटरी घेऊन आलात आणि आईचे पाय चोळत बसलात; दुसऱ्या दिवशी आई मला फोनवर तोंडातल्या तोंडात म्हणाली, रात्री झोप लागली. काकी एकदम गप्प झाल्या. मग त्यांनी मला माझ्या जन्माआधीची गोष्ट सांगितली. त्यांच्या थोरल्याला कावीळ झाली होती, घरात पैसा नव्हता, तेव्हा आईने हातातली पाटली काढून दिली होती. ती पाटली सोडवून आणायला त्यांना दोन सुगी लागल्या आणि त्या काळात आईने एकदाही विषय काढला नाही.

आईने हे आम्हांला कधीच सांगितलं नव्हतं. पुढच्या घरी दुसरी गोष्ट निघाली, त्याच्या पुढच्या घरी तिसरी. कुणाच्या बाळंतपणात ती महिनाभर पाणी तापवून देत होती, कुणाच्या भांडणात तिने दोघा भावांना एका पाटावर बसवलं होतं. आपल्याच आईचं चरित्र मला असं घराघरांतून मिळालं. वर्तमानपत्रातल्या चौकटीने ते मिळालं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की आभार मोघम असू नयेत. 'तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत' याला 'छे, कुठे काय' असं उत्तर तयार असतं. पण अमुक दिवशी तुम्ही हे केलंत आणि त्याने आमचं हे निभावलं, असं सांगितलं तर ते झटकता येत नाही. समोरच्याला पहिल्यांदा कळतं, की आपण केलेलं पोचलं. मदत करणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा रुखरुख असते: आपण वेळेवर गेलो का, जरा जास्त बोललो का, डब्यात मीठ कमी पडलं का. त्या माणसाला त्या रुखरुखीतून सोडवणं हे फक्त ज्याला मदत मिळाली त्यालाच जमतं. यासाठी एक वही करावी. लग्नघरात आहेराची वही असते तशी, पण बरोबरी करण्यासाठी नव्हे, विसरू नये म्हणून. दुःखाच्या दिवसांतलं काहीही नीट लक्षात राहत नाही. घरातल्या एखाद्या भाच्याने, सुनेने कोण आलं, काय आणलं, कोण रात्रभर थांबलं, एवढं टिपून ठेवलं तरी पुढे फार उपयोगी पडतं.

त्या वहीतली नावं वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेराव्याचं आमंत्रण भावकीला जातं, सोयऱ्यांना जातं. पण डोलीला खांदा देणारे सगळे भावकीतले नसतात. पलीकडच्या वाडीतून कुणी आलेलं असतं, वेगळ्या जातीचं, वेगळ्या धर्माचं. चिता शांत होईपर्यंत थांबलेला माणूस पुष्कळदा त्यांच्यातलाच असतो. आमच्या घरी भावाने सांगितलं, की पंगत एकच बसेल आणि त्यात ते सगळे बसतील. काही जुन्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पंगत एकच बसली. आपल्या माणसाचा भार ज्याच्या खांद्याने वाहिला त्याला मागच्या अंगणात पान वाढणारी कृतज्ञता मला मान्य नाही.

दुसरं टोकही आहे. काहींना उपकाराचं ओझं सोसत नाही. ते दुसऱ्याच महिन्यात प्रत्येक घरी स्टीलचा डबा नाहीतर साडी नेऊन देतात आणि हिशेब मिटवतात. वर्गणीतून आलेले पैसे परत करणं निराळं. ते ऐपत आल्यावर करावेतच. पण जागवलेल्या रात्रींची किंमत साडीने चुकती करू पाहणं हे समोरच्याला मजुरी दिल्यासारखं होतं. शेतकऱ्यांमध्ये याचं शहाणपण मुरलेलं होतं. देशावर इर्जिकेची चाल होती. कुणी आजारी पडला, कुणाचा बैल मेला, कुणाच्या घरात कर्ता उरला नाही आणि नांगरट रखडली, की गावातले शेतकरी आपापले बैल-नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि एका दिवसात काम उरकायचे. मजुरी नाही. त्या घराने जेवण घालायचं, आणि पुढे दुसऱ्या कुणाची इर्जीक निघाली की आपणही जायचं. ज्याने आपलं रान नांगरलं त्याचंच रान नांगरायला मिळेल असं नाही. ट्रॅक्टर आला आणि इर्जीक मागे पडली, पण ऋण फेडण्याची ती दिशा मला आजही बरोबर वाटते.

आपल्याला तीन ऋणं शिकवली जातात: देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. तैत्तिरीय संहितेत ती तीनच आहेत. महाभारताच्या आदिपर्वात मात्र पांडू शतशृंगावरच्या तपस्व्यांशी बोलताना चौथं सांगतो, मनुष्यऋण. देवांचं ऋण यज्ञाने, ऋषींचं अध्ययनाने आणि तपाने, पितरांचं संततीने आणि श्राद्धाने फिटतं, आणि माणसांचं? ते आनृशंस्याने, म्हणजे क्रूरपणा न करण्याने, कनवाळूपणाने. हे बोलणाऱ्या पांडूच्या माथ्यावर तेव्हा किंदम ऋषींचा शाप होता. हरणाच्या रूपात जोडीदारासह रमलेल्या त्या ऋषीला त्याने बाण मारला होता. क्रूरपणा काय करतो हे ज्याला कळून चुकलं होतं, त्याच्याच तोंडी व्यासांनी हे चौथं ऋण घातलं आहे.

तेराव्याच्या दिवशी आपण पितृऋणाची तजवीज करतो. चौथ्या ऋणाचा विधी कुठल्याच पोथीत नसतो, तो ज्याचा त्याने ठरवायचा असतो. आणि इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. जो समाज पिठलं-भात घेऊन येतो तोच समाज त्याच अंगणात विधवेच्या बांगड्या फोडतो, कुंकू पुसतो, जोडवी काढतो. हे करणाऱ्या बायका दुष्ट नसतात. कितीतरी जणींच्या स्वतःच्या बांगड्या तशाच फुटलेल्या असतात. आपल्यावर हे गुदरलं तेव्हा काय वाटलं होतं हे त्यांना पुरतं ठाऊक असतं, तरी पुढच्या घरी त्या रीत म्हणून तेच करतात. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाचं मोल मला फार वाटतं. मे २०२२ मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी हा विषय लावून धरला होता. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी त्याच्या पत्नीवर झालेली ही सक्ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने सगळं लगेच बदलत नाही, हे खरंच आहे. पण दुःखाच्या घरात आपण काय नेणार नाही हे एका गावाने एकत्र बसून ठरवलं, हे मनुष्यऋण फेडणंच आहे.

ज्याच्या घरावर एकदा हे येऊन गेलं आहे, त्याच्याजवळ एक माहिती असते जी इतरांजवळ नसते. कोणत्या शब्दांनी धीर आला, कोणते टोचले. 'सुटली बिचारी' हे ऐकताना काय झालं. न बोलता घागर भरून ठेवणाऱ्या बाईचं येणं किती मोलाचं होतं. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना काहीच सांगता आलं नाही, आणि 'उद्या सकाळी दूध मी आणते' म्हणणारीने मात्र खरंच आणलं. ही माहिती आपल्यापाशी साठवून उपयोग नाही. पुढच्या घरी जाताना ती बरोबर न्यायची.

काहींना तर आभार कुणाचे मानायचे हेही कळलं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्रातल्या हजारो घरांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शन झालं नाही. पालिकेच्या कामगारांनी, स्वयंसेवकांनी, अनेक शहरांत मुस्लिम तरुणांच्या गटांनी अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख चढवून परक्यांच्या चितांना अग्नी दिला, अस्थी नावाच्या चिठ्ठ्या लावून जपून ठेवल्या. आपल्या वडिलांना कुणी निरोप दिला हे ज्यांना कधीच कळणार नाही, त्यांनी आपल्या गावच्या स्मशानात काम करणाऱ्या माणसाला नावाने ओळखायला शिकावं. त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी. त्याच्या घरी काही झालं तर उठून जावं. तो माणूस तोच नसेल, पण ऋण तेच आहे.

शहरात राहणारे म्हणतात, आमच्याकडे कुठे आहे वाडी? आहे. रात्री दोन वाजता लिफ्ट धरून ठेवणारा वॉचमन, खालच्या मजल्यावरचे रिक्षावाले काका, इस्पितळात उशी सारखी करून देणारी आया, रक्त द्यायला आलेला ऑफिसातला मुलगा ज्याचं आडनावही आपल्याला ठाऊक नसतं. यांतल्या प्रत्येकाकडे जाऊन त्याने काय केलं हे त्याला सांगणं जमण्यासारखं आहे. डिस्चार्जच्या गडबडीत त्या आयाच्या हातात नोट कोंबून निघून येणं सोपं असतं. आठवड्याभराने बऱ्या झालेल्या माणसाला चालवत तिच्यासमोर नेऊन उभं करावं. आपण ज्याला जपलं तो माणूस आपल्या पायांनी चालताना तिला क्वचितच पाहायला मिळतो.

तुमच्या घरातलं आजारपण किंवा मरण नुकतंच होऊन गेलं असेल, तर वर्षश्राद्धाची वाट पाहू नका. म्हातारी माणसं तोवर राहत नाहीत, भाडेकरू घर बदलतात, आया दुसऱ्या वॉर्डात जाते. फार वर्षं झाली असली तरीही जा. काकींसारख्या बायका विसरत नाहीत. त्या 'आभार कसले' म्हणतील, तेव्हा उठू नका, बसून राहा आणि जे सांगायला गेला आहात ते सगळं सांगा. मग त्या जे सांगतील तेही ऐकून घ्या.