करार वाचल्याशिवाय दागिने गहाण टाकू नका

दापोली, मंडणगड, खेड, चिपळूणकडच्या गावांत आखातात जाणं ही नवलाई राहिलेली नाही. आजोबा कुवेतला होते, वडील सौदीत, आता मुलगा दुबईला निघालाय, अशी घरं मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. तरीही जायची तयारी म्हटली की आपल्याकडे बॅगा भरल्या जातात. मसाला, लोणचं, सुकी मासळी, नवे बूट, सगळं आठवणीने घेतलं जातं. ज्या कागदावर मुलाची पुढची दोन वर्षं टांगलेली असतात, तो नोकरीचा करार मात्र घरात कुणी वाचलेलाच नसतो. पुष्कळदा तो निघायच्या आदल्या दिवशी हातात पडतो, आणि तोवर आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेलेल्या असतात.

याचं कारण निव्वळ अज्ञान नाही. विझा काढून देणारा बहुधा गावातलाच, नात्यातला कुणीतरी असतो. त्याच्याकडे पावती मागायची तर तोंड उघडत नाही. माणूस दुखावेल, मुलाची संधी जाईल, ही भीती. या भिडेपोटी आपण पोरांना संकटात लोटतो, असं माझं स्पष्ट मत आहे. १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी कामगारभरती करणारा एजंट नोंदणीकृतच लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत पडताळता येतो. मुलगी देताना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, मुलगा परक्या मुलखात धाडताना एवढंही करत नाही.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘आधी व्हिजिट विझावर जा, तिकडे गेल्यावर बघू.’ दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक असल्याचा, शेरा असतो. आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला सरकारी परवानगी लागते. ही कटकट वाटते, पण याच वाटेने मालकाचा करार नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा उतरतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये अधिक कर, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास भरपाई १० लाख. १२ जून २०२४ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि हवाई दलाच्या विमानातून ४५ भारतीयांचे मृतदेह मायदेशी आणावे लागले. व्हिजिट विझावर गेलेल्याच्या घरी असा प्रसंग आला, तर नोंदलेला करारही नसतो आणि हा विमाही नसतो.

‘आझाद विझा’ही तसाच. कागदावर एका कफीलचा, म्हणजे विझा देणाऱ्या मालकाचा, काम दुसऱ्याकडे. पगार अडला तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? सौदीत कफीलने ‘हुरूब’ लावला, म्हणजे कामगार पळून गेल्याची नोंद केली, की मुलगाच अडचणीत येतो.

करार वाचताना आधी मूळ पगार पाहा. समजा, बोली १५०० दिरहमची झाली आणि कागदावर मूळ पगार ८००, बाकी भत्ते, असं लिहिलंय. अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम तिथेच गेली. कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचं तिकीट, हेही कागदावरच हवं. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथल्या कायद्यालाही मान्य नाही, हे मुलाला निघण्याआधी सांगा.

आणि मागे राहणाऱ्या बायकोचं काय? करार, विझा, विमा यांची एकेक प्रत तिच्याकडे हवी. पैसे तिच्या खात्यात यावेत. दिराकडे हात पसरून घर चालवायला लावणं हा अन्याय आहे, मग घरात कितीही एकी असो. तिथे काही बरंवाईट झालं तर धावपळ तिलाच करायची असते.

हे काम एकेका घराच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. जमातींनी, ग्रामसभांनी, हायस्कुलांच्या मुख्याध्यापकांनी पुढे यावं. आखातातून परतलेली जाणती माणसं प्रत्येक गावात आहेत. निघणाऱ्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना त्यांच्यासमोर बसवा, करार ओळीओळीने वाचून घ्या. एजंट करार आधी वाचायला द्यायलाही तयार नसेल, तर त्याला पैसे देऊ नका.