मित्रासाठी सुतक नसतं



आजचं चिंतन नामदेव गाथेतल्या समाधीच्या अभंगांवर.

शके 1218, कार्तिक वद्य त्रयोदशी, म्हणजे इ. स. 1296. आळंदीत ज्ञानोबा माउली समाधीला बसले. माउली 21 वर्षांचे, नामदेव 26 चे. आपल्यापैकी अनेकांच्या वयाचे हे दोघे, तीर्थयात्रा सोबत केलेले जिवलग.

आता बघा, रक्ताच्या नात्याने नामदेव माउलींचे कोणीच नव्हते. आपल्याकडे भावाबहिणीला सुतक असतं, मित्राला नसतं. मागच्या वर्षी माझी मैत्रीण गेली तेव्हा ऑफिसात विचारलं, "कोण होती तुझी?" मैत्रीण म्हटल्यावर रजेचा विषयच संपला. मग हे दुःख ठेवायचं कुठे?

नामदेवांनी ते अभंगात ठेवलं.

आणि कसं? "फार वाईट वाटलं" एवढ्यावर ते थांबत नाहीत. समाधीची जागा झाडून घेतली, ती कोणी, तर नारा, विठा, गोंदा, महादा या आपल्या मुलांनी, हेही ते सांगतात. एवढे धीराचे निवृत्तिनाथ, त्यांचाही बांध कसा फुटला ते सांगतात. स्वतः पांडुरंग तिथे हजर आहे. जे बघवत नव्हतं, ते नामदेवांनी पुन्हा एकदा नीट बघितलं, मग शब्दांत मांडलं.

मला नेहमी प्रश्न पडायचा. समाधी संजीवन आहे, आत्मा अमर आहे, हे नामदेवांना माहीत नव्हतं का? गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा तो अर्थ तर माउलींनीच ज्ञानेश्वरीत उलगडून सांगितला. तरी नामदेव रडले, आणि त्या रडण्याला वारकऱ्यांनी अज्ञान म्हटलं नाही, गाथेत जागा दिली. म्हणजे भक्तीत "रडू नकोस" अशी अट नाही. रडणं देवासमोर आणायचं, इतकंच.

मैत्रिणीच्या आईने मला तिच्या ओढण्यांची पिशवी दिली. म्हणाल्या, "मला बघवत नाहीत गं, तू ने." मी त्यांची गोधडी शिवतेय. धावदोरा सुद्धा सरळ येत नाही माझा. पण रविवारी तासभर बसते, नाव घेत एकेक टाका घालते. दुःख कमी झालंय असं मी म्हणणार नाही. एवढंच, की त्या तासात माझ्या हातांना तिच्यासाठी करण्यासारखं काही असतं.

नामदेवही शिंपीच की! परंपरेनुसार ते 1350 पर्यंत होते, म्हणजे माउलींनंतर 54 वर्षं. त्या काळात पार पंजाबपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. आठवण मागे टाकून नव्हे, सोबत घेऊन चालले. आजही आळंदीत समाधी सोहळ्याच्या कीर्तनात हे अभंग ऐकताना माणसं रडतात. एकट्याचं दुःख सगळ्यांचं झालं ते असं.

आजचा नेम: ज्याची आठवण येते, त्याची एकच बारीक गोष्ट आठवा. त्याचं हसणं, चहा पिण्याची तऱ्हा, काहीही. ती लिहा, काढा, गा, शिवा. चांगली नाही जमली तरी चालेल. झाली की विठ्ठलापुढे ठेवा.

राम कृष्ण हरी! 🙏