तलावांतील खेपा

पाठीला भोपळा बांधून ज्यानें लहानपणीं विहिरींत पहिली उडी मारली, त्याला पोहण्यांत आनंद कोठून आणावा हा प्रश्न कधीं पडला नाहीं. तोच मुलगा पुढें चाळिशीस येतो, डॉक्टर त्यास पोहण्याचा व्यायाम सांगतात, आणि ५० मीटरांच्या तलावांत २० खेपा म्हणजे एक किलोमीटर, असा हिशेब त्याच्या मागें लागतो. मग त्याला पाणी दिसेनासें होतें. दिसते ती फक्त समोरची भिंत. दोन महिन्यांत पोहणें सुटतें, आणि घाण्याच्या बैलासारखें तेंच तें करण्याचा कंटाळा आला, असें तो सांगतो.

आमच्या मतें दोष पुनरावृत्तीचा नव्हे. जात्यावर बसलेली बाई तोच खुंटा पहाटेपासून फिरवी, पण तिची ओवी त्या फिरण्यांतूनच निघे. हल्लीं पाण्यांतही चालणारीं गाण्याचीं यंत्रें कानांत घालून कित्येक पोहतात. त्यांस आम्ही हंसणार नाहीं. दुःखानें ज्याचें मन जड झालें आहे त्यानें तो आधार खुशाल घ्यावा. परंतु ओवीनें बाईचा हात जात्यावर रमे, आणि हें गाणें पोहणाऱ्याला पोहण्यापासून दूर नेतें.

सुखाकडे थेट धांवणाऱ्यास तें सांपडत नाहीं, अन्य हेतूवर चित्त ठेवणाऱ्यास वाटेंत भेटतें, अशा अर्थाचा विचार जॉन स्टुअर्ट मिल याच्या १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत आहे. (गीतेस या तलावांत ओढण्याची आमची इच्छा नाहीं.) मग चित्त ठेवावें कशावर? आरोग्याचें फळ दूर असतें. आणि खेपांच्या संख्येवर ठेवलें, तर ती संपण्याचीच वाट पाहणें आलें. तें आपल्या हातापायांवर व श्वासावर ठेवावें. पाणी हवेहून सुमारें ८०० पट दाट असल्यामुळें शरीराची लहानशी चूकही तें लपूं देत नाहीं. डोकें वर उचललें कीं पाय खालीं जातात. श्वास पाण्यांत पुरता सोडला नाहीं, तर तोंड बाहेर काढतांच नवा घेण्यास सवड उरत नाहीं व धाप लागते. पुष्कळांचा कंटाळा ही खरोखर धापच असते!

म्हणून किती खेपा झाल्या हें मोजण्यापेक्षां एका खेपेस किती हात मारावे लागले हें मोजून पाहावें. घाई केली कीं ही संख्या वाढते. भिंतीला पाय रेटून अंग बाणासारखें सरळ सोडलें कीं घटते. येथेंही मोजणें आलेंच, असें कोणी म्हणेल. आलें खरें, पण कैदी दिवस मोजतो आणि गवई मात्रा मोजतो, हीं दोन मोजणीं एक नव्हेत.

शेवटची खेप मात्र कांहींच न मोजतां उताणें पोहून, आकाश पाहत घालवावी. तलावावर छप्पर असल्यास छप्पर पाहावें. डोकें भिंतीवर आपटणार नाहीं एवढें भान ठेवलें म्हणजे झालें.