जुळलेला आकडा आणि खरी वस्तू

गुणाकार बरोबर आला का, हे तो पुन्हा न करता कळावं ही गणित्यांची फार जुनी इच्छा. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त नवाच्या पडताळ्याची रीत आहे. दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज एका अंकापर्यंत आणायची, त्या दोन अंकांचा गुणाकार करायचा, त्याचीही तशीच बेरीज घ्यायची आणि उत्तराच्या अंकांच्या बेरजेशी ती ताडून पाहायची. पडताळा फसला तर उत्तर नक्की चूक. जुळला तर मात्र ते बरोबर असेलच असं नाही. ४७२ च्या जागी ४२७ लिहिलं गेलं तरी बेरीज तीच येते. बाजारातल्या मालाची शहानिशा करताना आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो, असं मला वाटतं.

बिस्किटाच्या पुड्यावरचा तेरा आकडी बारकोड पाहा. समजा, तो ८९०१२३४५६७८९० आहे. पहिल्या बारा अंकांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक घेतले, तर बेरीज येते २८. उरलेल्यांची ३४, तिला तिनाने गुणलं की १०२. एकूण १३०. दहाच्या पटीला पोहोचायला काहीच कमी पडत नाही, म्हणून तेरावा अंक शून्य. गुणायला तीनच का? तिनाच्या पाढ्याचे एककाचे अंक म्हणून पाहा: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. दहाही अंक येतात, एकही दोनदा येत नाही. त्यामुळे कुठलाही एक अंक चुकला की बेरीज बिघडतेच. दोनाने गुणलं असतं तर १ आणि ६ यांतला फरकच पुसला गेला असता. चौथीतल्या मुलाला कळेल इतकं हे सोपं आहे, आणि मला ते अतिशय सुंदर वाटतं.

तरी भोक राहतंच. शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, म्हणजे २७ चे ७२ झाले, तर यंत्राला पत्ता लागत नाही. हे भोक डच गणिती फेरहूफ यांनी १९६९ मध्ये बुजवलं. त्यांनी नेहमीचा गुणाकारच बाजूला ठेवला आणि नियमित पंचकोन फिरवण्याच्या व उलटवण्याच्या दहा क्रियांचा गुणाकार घेतला. आधी फिरवून मग उलटवणं आणि आधी उलटवून मग फिरवणं यांतून वेगवेगळी उत्तरं येतात. क्रमाला किंमत आली, त्यामुळे अदलाबदलही पकडली जाऊ लागली. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक याच रीतीने ठरतो.

पण ही सारी राखण हातून होणाऱ्या चुकीपासून आहे, लबाडीपासून नाही. बनावट माल करणारा आकडा चुकवत नाही. अस्सल पुड्यावरचा जसाच्या तसा उतरवून घेतो. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे माल भारतात बनला, हा समजही खोटा. कंपनीने क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढंच त्यातून कळतं.

म्हणूनच हॉलमार्कच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये सापडला, की तेवढ्यावर समाधान मानू नये. तिथे बांगडीची नोंद दिसते आणि हातात अंगठी आहे, असं तर नाही ना? शुद्धता तीच आहे ना? हे ताडून पाहायलाच हवं. कारण त्या नोंदीमागची खरी तपासणी आकड्यांची नव्हे, धातूची असते. सोन्याच्या अग्निपरीक्षेत नमुन्यात चांदी मिसळून तो शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसं आणि तांब्यासारखं हीण मुशीत शोषलं जातं. उरलेल्या मण्याची पातळ पट्टी करून ती नायट्रिक आम्लात टाकली की चांदी विरघळते आणि सोनं उरतं. ते तोलल्यावर मूळ वजनाच्या हजार भागांत ९१६ भरलं, तरच तो नमुना बावीस कॅरेटचा.