वस्ती शांत आहे म्हणे

घर घेताना पाण्याच्या आधी एक चौकशी होते, ‘वस्ती कशी आहे?’ ‘एकदम शांत. इथं कधी पोलीस यायची वेळ आलेली नाही,’ असं उत्तर मिळालं की माणूस निर्धास्त होऊन टोकन देतो. पोलीस येत नाहीत म्हणजे गुन्हे होत नाहीत, हे आपण पुरतं गृहीत धरलेलं आहे. पण ठाण्याच्या वहीत गुन्हा आपोआप उमटत नसतो. त्यासाठी कुणीतरी उठून जावं लागतं, बाकावर तासन्‌तास बसावं लागतं आणि समोरच्या अंमलदाराच्या मनात ते लिहून घ्यायचं यावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी वस्ती कागदावर शांतच दिसते.

उत्तर नागपुरातलं कस्तुरबानगर. हातावर पोट असलेल्यांची, बहुसंख्य दलितांची वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडानं तिथं वर्षानुवर्षं हप्ते घेतले, घरं फोडली, बायकांवर बलात्कार केले. तक्रार द्यायला गेलं तर हाकलून देतात, वर कोण आलं होतं हे त्याच्या कानावर घालतात, असं तिथल्या बायका सांगत आल्या. अटक व्हायची, तो सुटून यायचा आणि ज्या घरातून तक्रार गेली त्याच घरावर चालून जायचा. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणलं, तेव्हा वस्तीतल्या बायकांच्या जमावानं न्यायालयाच्या खोलीतच तिखट फेकून, सुऱ्यांनी त्याचा जीव घेतला. दहा वर्षांनी, 2014 मध्ये, खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. पुढं या प्रकरणावर चित्रपट आला, माहितीपटही आला.

या घटनेचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. न्यायाधीशाच्या टेबलासमोर जमावानं माणूस मारावा यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. उद्या तोच जमाव एखाद्या निरपराधाला गाठेल. पण त्या बायकांना नीतीचे धडे देणाऱ्यांनी आधी सांगावं, इतकी वर्षं ते स्वतः कुठं होते? राज्याची उपराजधानी ती. दर हिवाळ्यात सारं विधिमंडळ त्याच शहरात मुक्कामाला असायचं. सगळ्या वस्तीला ठाऊक असलेलं एवढं पाप वहीत मात्र तुकड्यातुकड्यानंच पोचलं, कारण वहीपर्यंतची वाट गुंडाच्या दारावरून जात होती.

एवढं भयंकर सगळीकडे घडत नाही. रोजचा प्रकार साधा असतो. बसमध्ये खिशातून मोबाईल काढून घेतला जातो आणि ठाण्यात तो ‘गहाळ’ होतो. विम्याला किंवा सिमकार्डाला कागद मिळाला की आपणही खूश. मारहाण झाली तर अदखलपात्र नोंद करून ‘कोर्टात जा’ म्हणतात. त्याहून मोठं काही असेल तर ‘सध्या अर्ज देऊन ठेवा’. अंमलदार दुष्ट असतो म्हणून हे होतं असं नाही. गुन्हे आढावा बैठकीत वाढलेल्या आकड्याचा जाब त्याच्या साहेबाला द्यावा लागतो. न नोंदवलेल्या गुन्ह्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. आकडा वाढला की वर्तमानपत्रं ‘शहर असुरक्षित’ असा मथळा देतात, विरोधक राजीनामा मागतात. मग आकडा खाली ठेवण्याची कला का नाही अवगत होणार?

गुन्ह्यांची नोंद वाढणं आणि गुन्हे वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच्याच अहवालात देत आला आहे. तो वाचतो कोण? डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर दिल्लीत बलात्काराच्या नोंदी एका वर्षात दुपटीहून अधिक झाल्या. दिल्लीतले पुरुष बारा महिन्यांत दुप्पट बिघडले, असं कुणी म्हणेल का? बायका बोलू लागल्या आणि ठाण्यांना ऐकणं भाग पडलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभरातल्या सुमारे चौदा जणींनीच कुणाची तरी मदत मागितल्याचं दिसलं. मदत म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत माहेर. पोलीस फार पुढची गोष्ट. आपल्या शांत वस्त्यांची शांतता बरीचशी याच मौनातून आलेली आहे.

कायदा आता तक्रारदाराच्या बाजूनं पुष्कळ आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद करणं बंधनकारक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनं तर ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तरही काढून घेतलं. खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, प्रत फुकट मिळते. पण गुन्हा नोंदवू नकोस हे सांगायला पोलीसच लागतात असं थोडंच आहे? ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ हे आईबाप सांगतात. ‘सोसायटीचं नाव खराब होईल’ हे अध्यक्ष सांगतात, आणि त्यांच्या मनात फ्लॅटचा भाव असतो.

धुणंभांडी करणाऱ्या बाईची पोलीस पडताळणी झाल्याशिवाय तिला फाटकातून आत सोडू नये, असा ठराव एकमतानं होतो. तिच्याशी एखाद्या सभासदानं गैरवर्तन केलं तर तिनं कुणाकडे जायचं, हा विषय बैठकीपुढं येतच नाही. कॅमेरे सगळे फाटकाकडे तोंड करून बसवलेले. चोर बाहेरूनच येणार, हा आपला सिद्धान्त!

आणि पंचनाम्याला कोण येतं? झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ रहिवासी हजर असावेत, असं कायदा म्हणतो. पोलीस दार ठोठावतात तेव्हा प्रतिष्ठितांना नेमकी ऑफिसची घाई असते. कोर्टात खेपा पडतील, ही भीती खरीच आहे. तारखांनी माणूस मेटाकुटीला येतो. तरी परिणाम चुकत नाही. मग कोपऱ्यावरचा पानवाला किंवा ठाण्याचा नेहमीचा पंच सहीला उभा राहतो आणि बचावाचा वकील उलटतपासणीत त्याला घटकाभरात उघडा पाडतो. आरोपी सुटला की आपणच म्हणतो, पोलिसांनी पैसे खाल्ले.

तेव्हा मोहल्ला समितीची पुढची बैठक लागेल त्या दिवशी चहा-बिस्किटांवर न भागवता वरिष्ठ निरीक्षकांना विचारावं: वर्षभरात अर्ज किती आले, त्यातल्या कितींचे गुन्हे दाखल झाले, आणि मोबाईल गहाळ किती नि चोरीला किती? उत्तर देऊन त्यांनी पुढल्या वर्षी खरोखरच सगळं नोंदवायला घेतलं, तर आकडा चढेल. तेव्हा ‘आमचा भाग बिघडला’ म्हणत त्यांची बदली मागायला नगरसेवकाकडे शिष्टमंडळ नेऊ नये.