मडक्यावरचे नाव

ज्याची वस्तू त्याचे नाव, हा न्याय आपण सारेच मानतो. पण वस्तू नेमकी कुणाची, असे कुणी विचारले की पंचाईत होते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सान इल्देफोन्सो नावाचे मूळच्या इंडियन लोकांचे खेडे आहे. तिथल्या मारिया मार्टिनेझ या कुंभारणीच्या आयुष्याने हा प्रश्न मोठा अवघड करून ठेवला आहे. १९८० साली, नव्वदी ओलांडल्यावर, ती वारली. प्रश्न मात्र मागे राहिला.

मारियाने चाक वापरले नाही. मातीत ज्वालामुखीची राख मिसळायची, तिच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभारायचे, मग गुळगुळीत गोट्याने घासघासून ते आरशासारखे करायचे. नक्षी नवरा जुलियन काढी. भांडी भाजत असताना वाळल्या लिदीचा भुगा टाकून विस्तव कोंडला की, हवा न मिळाल्यामुळे, तांबडी माती काळी होई. चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी, ही किमया त्या दोघांनी १९२० च्या सुमारास साधली. गिऱ्हाइके दुरून येऊ लागली. मारियाने ही विद्या कुलपात ठेवली नाही, शेजारणींना शिकवली.

पुढे भांड्यावर सही असली की किंमत जास्त येते, असे दिसून आले. तेव्हा शेजारणी आपली भांडी घेऊन येत आणि मारिया त्यांवरही आपले नाव घाली!

हे औदार्य की खोटेपणा? माझ्या मते गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर हे असत्यच. ज्याने मारियाचे भांडे म्हणून दाम मोजले, त्याला दुसरीचे भांडे मिळाले. हेतू चांगला म्हणून ही गोष्ट झाकता येणार नाही. पण न्याय करताना तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. पहिल्या काही वर्षांत भांड्यांवर एकट्या मारियाचेच नाव असे. नक्षी जुलियनची, तरी त्याचे नाव नव्हते. कारण कुंभारकाम हे त्या समाजात बायकांचे काम. मग ती सही तरी पुरती खरी होती काय? जिथे एक माती आणतो, दुसरी घडवते, तिसरा रंगवतो, तिथे एकाच नावाची सक्ती ही बाजाराची. त्या खेड्याला तिची गरज कधी पडली नव्हती.

या गुंत्यातून सुटण्याची वाट मारियाच्याच पुढच्या भांड्यांवर दिसते. १९२५ च्या सुमारास तिच्या नावाशेजारी जुलियनचे नाव आले. १९४३ साली तो गेल्यावर सून सांताना नक्षी काढू लागली आणि तिचे नाव आले. मग मुलगा पोपोवी दा याचे. आपले नाव दुसऱ्याच्या कामावर घालण्यापेक्षा दुसऱ्याचे नाव आपल्या नावाशेजारी लिहिणे अधिक कठीण, कारण त्यात आपला वाटा कमी झालेला चारचौघांना दिसतो. ते तिने केले.

सणासुदीला घरोघरी गेलेल्या थोरल्या बाईची आठवण निघते. सगळे तिनेच केले, असे आपण भक्तिभावाने म्हणतो. ते म्हणताना तिच्या शेजारी राबलेली जाऊ, नणंद, सून यांची नावे पुसली जातात. मारियाला आठवायचे तर सांतानाचे नाव घ्यावेच लागते. त्याने मारिया लहान होत नाही. आठवण मात्र खरी होते.